गाडीतला अबोला

वाचकहो, एखाद्या पावसाळी दिवशी तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम लागले, तर पहिला विचार कोणता मनात येईल? एबीएसचा पिवळा दिवा, त्याच्या शेजारी स्टिअरिंगचा, खाली इंजिनाचा, आणि चालत्या गाडीत वेगाचा काटा शून्यावर. बहुतेकांना वाटते, गाडीत सगळेच एकदम बिघडले. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत आपण मनाने मोठ्या खर्चाला तयारही झालेलो असतो.

माझ्यावर ही वेळ तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आली. पणजीहून बेळगावला परत येत होतो. चोर्ला घाटात पाऊस आणि धुके दोन्ही होते. गाडीत सौ. आणि आठ वर्षांची नात होती. एका वळणावर दिवे लागले, काटा खाली पडला आणि स्टिअरिंग जड झाले. इंजिन चालू होते, ब्रेक लागत होते. खालच्या गिअरमध्ये सावकाश घाट चढलो आणि तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दहा मिनिटांत निकाल मिळाला, ‘एबीएसचे युनिट गेले आहे, बदलावे लागेल.’ सांगितलेली रक्कम पन्नास हजारांच्या वर होती. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याही गाडीवर ही वेळ येऊ शकते, आणि त्या वेळी कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक असले तर पैसाही वाचतो आणि धोकाही टळतो.

गाडीत किती जण बोलतात?

आजच्या साध्या गाडीतही एकच संगणक नसतो. इंजिनाचा वेगळा, एबीएसचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, दारे आणि दिवे सांभाळणारा वेगळा, आणि समोरचे मीटर हाही एक संगणकच. यांना मॉड्यूल म्हणतात. प्रत्येकाला दुसऱ्याकडची माहिती लागते. चाकांचा वेग एबीएसचे मॉड्यूल मोजते. अनेक गाड्यांत तोच वेग मीटरला काटा हलवण्यासाठी लागतो, स्टिअरिंगला किती हलके व्हायचे ते ठरवण्यासाठी लागतो आणि इंजिनालाही लागतो. प्रत्येक माहितीसाठी प्रत्येकाकडे स्वतंत्र वायर न्यायची म्हटली, तर वायरींचा भाराच गाडीत भरावा लागेल. मॉड्यूले वाढू लागली तेव्हा गाड्या बनवणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहिली.

जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी वाहन अभियंत्यांच्या परिषदेत आपली पद्धत मांडली. तिचे नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, लघुरूप ‘कॅन’. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आज आपल्या दारातल्या लहान गाडीतही तीच पद्धत आहे.

कल्पना अगदी साधी आहे. दोन वायरी एकमेकींभोवती पीळ देऊन गाडीभर फिरवायच्या आणि सगळ्या मॉड्यूलांना त्याच जोडीवर बसवायचे. या सामाईक वाटेला ‘बस’ म्हणतात. एका वायरीचे नाव कॅन हाय, दुसरीचे कॅन लो. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना हाय ३.५ पर्यंत चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा फक्त दोघींमधला फरक पाहतो. बाहेरून विजेचा गोंगाट आला तर पीळ असल्यामुळे तो दोघींवर सारखाच पडतो आणि फरक तसाच राहतो. म्हणून निरोप शाबूत पोचतो. इंजिनाच्या बाजूच्या बसवर सेकंदाला साधारण ५ लाख बिट या वेगाने हे बोलणे चालते.

बोलण्याची रीत गावच्या चावडीसारखी आहे. कोणी कोणाच्या कानात सांगत नाही. जो बोलतो तो सगळ्यांसमोर बोलतो आणि ज्याला हवे तो ते उचलतो. प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो. दोघे एकाच क्षणी बोलू लागले तर लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो. दुसरा थांबतो आणि वाट मोकळी झाल्यावर पुन्हा बोलतो. निरोपात चूक आढळली तर ऐकणारा कोणीही ताबडतोब हरकत घेतो आणि बोलणाऱ्याला तो निरोप परत द्यावा लागतो.

चुकांचा हिशेबही ठेवला जातो. पाठवलेला निरोप चुकला की त्या मॉड्यूलच्या खात्यात सहसा ८ वाढतात, बरोबर गेला की १ कमी होतो. हिशेब २५५ च्या वर गेला की ते मॉड्यूल स्वतःच बसवरून बाजूला होते आणि मौन धरते. आपल्या चुकीच्या बोलण्याने इतरांचे बोलणे बंद पडू नये, अशी ही सोय आहे.

तक्रार कोणाची, आजार कोणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एबीएसचे मॉड्यूल चाकांचा वेग एका सेकंदात अनेक वेळा जाहीर करत असते. ते एकाएकी गप्प झाले, तर मीटर, स्टिअरिंग आणि इंजिन ठरावीक वेळ वाट पाहतात आणि आपापल्या वहीत नोंद करतात. या नोंदी ‘यू’ अक्षराने सुरू होतात. यू ०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. यू ०१४० म्हणजे दारे-दिवे सांभाळणाऱ्याशी, यू ०१५५ म्हणजे मीटरशी. स्कॅनर या नोंदी वाचून दाखवतो.

स्कॅनरवर तीन ठिकाणी यू ०१२१ दिसला की त्याचा अर्थ ‘एबीएस खराब’ असा लावण्याचा मोह होतो. पण नोंद काय सांगते ते नीट पाहा. ती मीटरच्या वहीत आहे, स्टिअरिंगच्या वहीत आहे, इंजिनाच्या वहीत आहे. तिघे सांगतात ते इतकेच, की मला त्याचे बोलणे ऐकू आले नाही. ते का ऐकू आले नाही, हे त्यांना ठाऊक नाही. बोलणारा मेला असेल. त्याला वीज मिळाली नसेल. त्याची अर्थिंग तुटली असेल. त्याच्यापर्यंत जाणारी वायर तुटली असेल. किंवा तो बोलतो आहे, पण मधेच कोणी गोंधळ घालतो आहे.

जैन घरात वाढलेल्या माणसाला इथे ‘स्यात्’ हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. स्यात् म्हणजे कदाचित, असे आपण ढोबळपणे म्हणतो. स्याद्वादात त्याचा अर्थ ‘एका अपेक्षेने’ असा आहे. बोलणारा ज्या जागी उभा आहे त्या जागेवरून त्याचे विधान खरे असते. मात्र ते पूर्ण सत्य आहे असे धरून चालले की घोटाळा होतो. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. डॅशबोर्डचे चार दिवे हे त्या आंधळ्यांचे चार जबाब आहेत. चौघेही खरे बोलतात. हत्ती आपल्याला शोधावा लागतो.

म्हणून पहिला नियम असा, की तक्रार करणाऱ्याला एवढ्यात आजारी ठरवू नये आणि गप्प बसणाऱ्याला एवढ्यात मृत ठरवू नये.

मामांची तपासणी

आमच्या भागात वायरिंगचे काम करणारे एक गृहस्थ आहेत. वय माझ्याएवढेच. सगळे त्यांना मामा म्हणतात. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. कधी झाले, पाऊस किती होता, त्याआधी बॅटरी बदलली होती का, नवीन काही बसवले का, गाडी पाण्यातून गेली का, असे एकेक विचारले. मग म्हणाले, “डॉक्टर, ते बदला म्हणून सांगूलालेत, खरं त्याला करंट तर मिळूलालाय का बघूया की आधी.”

त्यांचा क्रम मी लिहून घेतला.

प्रथम बॅटरी. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट असावेत, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी दुबळी असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके पडते की मॉड्यूले क्षणभर झोपतात आणि एकमेकांविरुद्ध नोंदी करून ठेवतात. अशा वेळी दोष बॅटरीचा असतो, आणि भुर्दंड मात्र मॉड्यूलच्या नावाने पडतो.

दुसरे, सगळ्या मॉड्यूलांचे स्कॅन. कोण उत्तर देतो आणि कोण देत नाही, याची यादी करायची. एकच गप्प असेल तर शोध त्याच्या आसपास. अनेक गप्प असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते पाहायचे. एकच फ्यूज, एकच अर्थिंग की एकच कपलर? सगळेच गप्प असतील तर बसच बंद पडली आहे. माझ्या गाडीत फक्त एबीएस गप्प होते. जुन्या नोंदी लिहून घेतल्याशिवाय मामांनी त्या पुसल्या नाहीत. पुसल्या की मागचा पुरावा जातो.

तिसरे, गप्प बसलेल्याची वीज आणि अर्थिंग. इथे मामांनी मला एक गोष्ट शिकवली. एबीएसचा कपलर काढून त्यांनी मीटर लावला. १२.४ व्होल्ट दिसले. मी म्हटले, “वीज तर आहे.” ते हसले आणि त्याच दोन टोकांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला. बल्ब जेमतेम लाल झाला. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून वायर एका तारेवर लोंबत असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा कमकुवत वाट उघडी पडते. मग त्यांनी बल्बचे एक टोक कपलरच्या अर्थिंगवरून काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे येणारी वीज ठीक होती. परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, खराब होती.

त्या वायरीच्या मागे गेल्यावर बॅटरीखालच्या पत्र्यावर एक बोल्ट सापडला. कल्हई गेलेल्या भांड्यावर धरतो तसा हिरवा कळंक त्याच्या तोंडावर चढला होता. घाटातल्या पावसाने उरलेसुरले टेकलेपणही गेले होते. मामांनी बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, वायरीला नवे टोक लावले, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. इंजिन चालू केले. एबीएस बोलू लागले. नोंदी पुसल्यावर चारही दिवे गेले ते आजतागायत लागलेले नाहीत.

युनिट बदलले असते तर काय झाले असते? नवे युनिट त्याच कळकलेल्या बोल्टावर बसले असते आणि त्यानेही तोंड उघडले नसते. किंवा नव्या कपलरच्या हलवाहलवीत बोल्ट तात्पुरता टेकला असता, गाडी महिनाभर नीट चालली असती आणि पुन्हा एखाद्या पावसात, एखाद्या घाटात, तोच प्रसंग आला असता. खर्चापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

अर्थिंग ठीक निघाली तर?

माझ्या गाडीचे काम तिसऱ्या पायरीवर संपले. तुमचे संपलेच असे नाही. म्हणून पुढच्या पायऱ्याही सांगतो.

चौथी पायरी बसच्या वायरींची. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. तो नसेल तर निरोप टोकाला आपटून परत येतो आणि प्रतिध्वनीसारखा गोंधळ करतो. हे दोन रोध समांतर असल्याने हाय आणि लो यांच्यामध्ये मोजल्यास ६० ओहम यायला हवेत. मोजताना बॅटरीचे निगेटिव्ह काढावे आणि मॉड्यूले झोपण्यासाठी काही मिनिटे थांबावे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे जे तोंड असते, त्यात बहुतेक गाड्यांत ६ नंबरची पिन हाय आणि १४ नंबरची लो. ६० आले तर वाट धड आहे असे समजावे. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याच्या जवळ आले तर हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आले तर कोणीतरी तिसरा रोध जोडला आहे, बहुधा चुकीचे मॉड्यूल बसवले गेले आहे. काही गाड्यांत या तोंडाच्या आणि खऱ्या बसच्या मध्ये द्वारपालासारखे एक गेटवे मॉड्यूल बसलेले असते. तिथे हे आकडे आतल्या बसचे नसतात, त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहूनच मोजावे लागते.

पाचवी पायरी व्होल्टेजची. चावी चालू ठेवून बॉडीच्या अर्थिंगशी मोजल्यास हाय अडीचच्या किंचित वर आणि लो किंचित खाली दिसावी. दोघींची बेरीज ५ च्या आसपास येते. एखादी शून्यावर असेल तर ती बॉडीला चिकटली आहे. १२ व्होल्ट असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हला.

सहावी पायरी एकेक मॉड्यूल सोडवण्याची. सगळी बस ठप्प असेल आणि वायर धड असेल, तर कोणीतरी एक जण आतून बिघडून सर्वांचा आवाज दाबून धरतो आहे. चावी बंद करून एकेकाचा कपलर काढायचा आणि पुन्हा पाहायचे. ज्याचा काढल्यावर बाकीचे बोलू लागतात, तो दोषी. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मात्र घरी हात लावू नये. ते काम जाणकाराचेच.

आणि सगळ्यात शेवटी, वीज आहे, अर्थिंग आहे, वायर आहे, तरीही बोलत नाही असे ठरले, तर आणि तरच मॉड्यूल बदलावे. नव्या मॉड्यूलला बहुतेक वेळा त्या गाडीची ओळख संगणकाने करून द्यावी लागते, म्हणजे खर्च केवळ वस्तूचा नसतो.

आपल्याकडची कारणे

बेळगाव असो वा कोकणाला लागून असलेला कोणताही भाग, आपल्याकडे पहिला शत्रू पाणी. समोरच्या काचेखालची पाणी जाण्याची भोके पाचोळ्याने बुजली की पाणी आत उतरते आणि पायाखालच्या गालिच्याखालच्या कपलरांत साचते. दुसरा उंदीर. महिनाभर न हललेली गाडी हे त्याचे आवडते घर, आणि तो हाय-लो पाहून वायर कुरतडत नाही. तिसरे कारण आपणच. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, मागचा कॅमेरा, जादा दिवे, गाडीचा माग ठेवणारे यंत्र, यांसाठी कोणीतरी मधेच वायर सोलून जोड मारतो. कॅनची वायर तुटली तर जोडताना पीळ शेवटपर्यंत ठेवावा लागतो. उघड्या, सरळ, लांब जोडावर गोंगाट बसतो. बॅटरीला उलट जंपर लावणे आणि बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग करणे, ही आणखी दोन कारणे.

तुम्ही काय करावे?

रस्त्यात असे झाले तर आधी लाल दिवा आहे का पाहा. फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाके लॉक होऊन घसरू शकतात. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. ब्रेकचा लाल दिवा असेल तर सुरक्षित जागी थांबा आणि पुढे जाऊ नका. सर्व दिव्यांचा फोटो काढून ठेवा.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन गोष्टी नम्रपणे विचारा. सगळ्या मॉड्यूलांचे स्कॅन केले का, आणि कोण उत्तर देत नाही? जो उत्तर देत नाही त्याची वीज आणि अर्थिंग भार लावून तपासली का? हाय आणि लो मध्ये किती ओहम आले? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. त्याला बरेच वाटते, कारण तपासणीच्या वेळेचे पैसे मागायला त्याला संकोच होतो आणि तुम्ही तो संकोच दूर करता. आपण वस्तूचे पैसे मुकाट देतो आणि निदानाचे देताना कुरकुरतो. हे मी माझ्या दवाखान्यातही चाळीस वर्षे पाहतो आहे. निदानाला किंमत नसली की माणूस वस्तू बदलून मोकळा होतो.

मामांनी माझ्याकडून चारशे रुपये मागितले. मी म्हटले, “अडीच तास गेले तुमचे.” ते म्हणाले, “बोल्ट एकच हुता की, डॉक्टर.” मी हजार दिले. त्यांनी घ्यायला बराच वेळ लावला. गाडीच्या कप्प्यात आता एक कागद असतो, त्यावर वरचे तीन प्रश्न लिहिलेले आहेत आणि खाली इंडिकेटरचा एक २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून गुंडाळून ठेवला आहे. नात त्याला ‘मामांचा दिवा’ म्हणते.